पोळ्याच्या दिवशी जुंपलेली मोटर

मोताळ्याच्या पंजाबराव पाटलांनी मोटर आणली त्या दिवशी झाडून सारं गाव ती पाहायला लोटलं, आणि एकटा इंद्रभान गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. बसणारच की. सत्तावीस वर्षं ज्या माणसानं त्या घरची दमणी हाकली, पाटलांना नवरदेव म्हणून नेलं, पाटलीणबाईंना माहेराहून आणलं, तो तिचं कौतुक पाहायला कसा जाईल? दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी; ती आता वळचणीला जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सन एकोणतीसची ही गोष्ट. मोटर अकोल्याच्या एका वकिलानं वापरून विकलेली, चारी बाजूंनी उघडी, वर कापडी टप. तिच्यासोबत खामगावचा शालिग्राम नावाचा मिस्तरी आला होता. वय पंचवीस, अंगात खाकी कोट, खिशात मोटर चालवायचं लायसन. संध्याकाळी पाटलांनी इंद्रभानला ओट्यावर बोलावलं.

"इंद्रभान, तुले शिकायचं असंल त शीक. पोळ्यापावतर बुलढाण्याच्या साहेबानं लायसन देलं, त मोटर तुही. नाही देलं, त शालिग्राम राहीन मोटरीवर. तू मंग गोठ्यात ढोरं पाहाय."

पाटील वाईट माणूस नव्हता. पण गोठ्यात आधीच दोन गडी होते, तिसऱ्याला तिथं काम काय? सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं वैरणीच्या पेंढ्या मोजत बसायचं आणि दारातून दुसऱ्यानं मालकाला घेऊन जायचं. इंद्रभानला अक्षर येत नव्हतं, पण एवढा हिशेब त्याला समजला. "शिकतो मालक," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोटरीपुढे हात जोडून उभा राहिला, तेव्हा शालिग्रामला हसू आलं. शालिग्राम पोरसवदा असला तरी इंद्रभान त्याला मास्तर म्हणायचा, आणि तो इंद्रभानला काका. मास्तरानं पहिल्या दिवशी पुढचं हँडल हातात दिलं आणि बजावलं, "काका, अंगठा बोटांसंगच ठेवा. पलीकडून धरू नका." इंद्रभाननं कासरा धरायच्या सवयीनं मूठ आवळली. इंजिनानं उलटा झटका दिला, मनगट महिनाभर सुजून राहिलं.

"लाथ मारते हे त," तो मनगट चोळत म्हणाला. पण त्याचं मन त्या क्षणापासून जरा नरम पडलं असावं. लाथ मारणाऱ्या जिवाशी कसं वागायचं ते त्याला ठाऊक होतं.

मग मास्तरानं एक दिवस त्याला विचारलं, "काका, बैल थकला हे तुमाले कसं कळते?"

"नाक सुकते. कान पडतात. लयच झालं त तोंडाले फेस येते."

"हिले नाक नाही आन् कान नाही. म्हणून बनवणाऱ्यानं हे बसवून देलं." शालिग्रामनं पुढच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावरची काच दाखवली. रुपयाएवढी गोल काच, तिच्यात उभी तांबडी रेघ, आणि वरच्या टोकाला एक वाटोळं. "पाणी तापलं का हे तांबडं वर चढते. वाटोळ्यात शिरलं का मोटर उभी करायची, मंग कोणी का सांगेना. आन् झाकण तवाच नाही उघडायचं, वाफ तोंडावर येते. हिच्या तोंडावर वारा लागला पाहिजे, तोंड झाकायचं नाही." मग आत तेलाचा काटा दाखवला, तो पडला की इंजिन तिथल्या तिथं बंद. हातानं ओढायचा ब्रेक दाखवला, आणि चढावर थांबलं तर तो ओढूनही चाकामागं दगड लावायचा, हेही सांगितलं.

इंद्रभाननं ते सगळं एकदाच ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं. रोज पहाटे तो तेलाची काडी ओढून पुसायचा, परत घालून बघायचा. चाकं तळहातानं दाबून पाहायचा, जशी जुंपायच्या आधी खुरं पाहायचा. ब्रेकचा पाय दाबून बघायचा, टाकीत पाणी बघायचा, आणि शेवटी त्या काचेसमोर उकिडवा बसून थंड तांबडं कुठवर आहे ते बघून घ्यायचा. शालिग्राम स्वतः हे रोज करत नसे, हे इथं सांगून ठेवलेलं बरं. तो दोन-चार दिवसांनी एकदा बघे, आणि त्याचं काही बिघडलंही नव्हतं.

"रोज काय पाहता काका? निरोगी आहे ते."

"निरोगी हाय म्हणूनच पाहून राह्यलो मास्तर. बिमार पडल्यावर त कोणालेबी दिसते."

इंद्रभान हे उगाच बोलत नव्हता. गाडीवर लागला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट होती. पाटलांचे वडील तेव्हा हयात होते, सारे त्यांना बापू म्हणत. बापूंची बुलढाण्याला कोर्टात तारीख, उन्हाळ्याचे दिवस, आणि राजूरचा घाट. डाव्या अंगाचा पवळ्या बैल दुसऱ्या वळणापासूनच फेस टाकायला लागला. इंद्रभाननं मागं पाहिलं. बापू म्हणाले, "हाक." त्यानं हाकलं. वडाजवळच्या वळणावर पवळ्या गुडघ्यावर बसला तो पुन्हा उठला नाही. पवळ्याला त्यानं गाडीवर लागायच्या कितीतरी आधी, गोठ्यात पोऱ्या असताना, वासरू म्हणून रोहिणखेडच्या बाजारातून आणलं होतं, हातानं चारून मोठं केलं होतं. पंचवीस वर्षं झाली, पण घाटातल्या त्या वडाखालून जाताना त्यानं कधी मान वर केली नाही. बापूंना त्यानं दोष दिला नाही. फेस आपल्याला दिसला होता, आणि कासरा आपल्या हातात होता, एवढंच तो म्हणायचा, तेही बायकोजवळ.

असो. पावसाळा लागला, मोटर इंद्रभानच्या हातात बसली. आधी मोताळ्याच्या सडकेवर, मग मलकापूर स्टेशनापर्यंत, शेजारी शालिग्राम. उताराला गिअर खाली टाकून इंजिनानंच मोटर धरून ठेवायची, हे तर त्याला एका फेरीत जमलं. बुलढाण्याला अर्ज गेला. साहेब विलायतेहून नवाच आलेला. त्यानं तारीख दिली, आणि ती नेमकी पोळ्याची निघाली. वेळ सकाळी अकराची.

आता पोळ्याला जुंपायचं कसं? वर्षातला तो एक दिवस बैलाच्या मानेवर जू येत नाही. साऱ्या मुलखात एक चाक हलत नाही. मोटर म्हणजे काही बैल नव्हे, असं पाटील म्हणाले, शालिग्रामही म्हणाला.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यानं रीतीप्रमाणं त्यांना सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग ती वाटी घेऊन तो मोटरीकडे गेला. तिचे खांदे समजून पुढच्या चाकांवरच्या दोन्ही पत्र्यांना हळद-तूप चोळलं आणि तेच आवतन तिलाही दिलं. शालिग्राम हसून हसून खाली बसला.

"हसा मास्तर. उद्या सारे बैल सुटे राहतीन आन् हिलेच तेवढं जुंपायचं. आवतन त देऊ द्या."

इथवर बिघडलं नव्हतं. बिघडलं ते सकाळी. इंद्रभाननं पेटीतून पवळ्याची झूल काढली. तांबडी, आरशांची, पंचवीस वर्षांत कुठल्याही बैलाच्या पाठीवर न घातलेली. ती त्यानं मोटरीच्या इंजिनावरच्या लांब पत्र्यावर पसरली. झूल लांब, ती काचेच्या दोन्ही अंगांनी पुढून खाली लोंबली आणि टाकीची वारा घेणारी सगळी जाळी झाकून गेली. वर दिव्यांना घुंगुरमाळा. तेवढ्यात पाटलीणबाई रुखमाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी मोटरीत चढायच्या पायटीवर पुरणपोळीचा निवद ठेवला, आणि आता कपाळ कुठं म्हणून बघायला लागल्या. सगळ्यांत उंच ती टाकीवरची काच. तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेऊन त्यांनी काचेला मागून-पुढून चांगला थापला, आणि हात जोडले.

काच झाकली गेली हे इंद्रभानला दिसलं. पूजेचा हात मधेच कसा धरायचा? आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं होतं. सजलेली मोटर पाहून त्याचा ऊर भरून आला होता. सोळा मैलांचा तर रस्ता, पोचल्यावर काढू, असं त्यानं मनाला समजावलं. शालिग्रामनं झूल पाहिली, शेंदूर पाहिला, आणि तोही काही न बोलता शेजारी जाऊन बसला. मागं पाटील, हातात घड्याळ.

राजूरपर्यंत घुंगरं वाजवत मोटर मजेत गेली. रस्त्यानं नाल्यावर बैल धुवायला निघालेली माणसं थांबून पाहत होती, कुणी हात जोडत होतं. मग घाट लागला. पहिल्या वळणावर इंद्रभानची नजर सवयीनं काचेकडे गेली, आणि तिथं नुसता शेंदूर. तांबड्यावर तांबडं. आतली रेघ कुठं आहे काही कळेना.

दुसरं वळण आलं. मोटर ओढत होती, पण अंगात नसल्यासारखी. घुंगरांचा आवाज मंद पडला होता. तापल्या तेलाचा, करपल्या रंगाचा वास यायला लागला होता, निदान त्याला तरी आला. त्यानं तिरक्या नजरेनं शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्राम बाहेर दरीकडे पाहत होता.

"दहा वाजले इंद्रभान," मागून पाटील म्हणाले. "साहेब वेळेचा लय कडक हाय म्हणतात. वाढव."

वळणापलीकडं वड दिसला. थांबलो तर तारीख गेली, तारीख गेली की मोटर शालिग्रामची. अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्याला साहेब दुसऱ्यांदा कशाला बोलावतो? आणि नाही थांबलो तर कदाचित काहीच होणार नाही, अजून चारच वळणं होती. हे सगळं त्यानं वडापर्यंत पोचेतो मनात तोलून पाहिलं. मग मोटर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हाताचा ब्रेक ओढला, उतरून चाकामागं दगड लावला.

"काऊन थांबला बे?" पाटील ओरडले.

"मालक, तांबडं दिसून नाही राह्यलं."

"मंग? वर चढलं असं त दिसलं नाही ना तुले?"

"दिसत नाही, म्हणूनच थांबलो."

त्यानं झूल ओढून काढली. जाळीतून असा भपकारा आला की तोही दोन पावलं मागं सरला. धोतराच्या सोग्यानं त्यानं काचेवरचा शेंदूर पुसला, एकदा, दोनदा. आत रेघ पार वर गेली होती आणि वाटोळं तांबडंभडक झालं होतं. झाकणाला त्यानं हात लावला नाही. गाडीपासून लांब, वडाच्या मुळीवर जाऊन तो बसला, ज्या वडाखाली पंचवीस वर्षांत मान वर केली नव्हती तिथं.

पाटलांचा पारा चढला होता. "किती वेळ?"

"तास-दीड तास मालक. तिच्या मनानं थंड होऊ द्या लागते."

"कोण्या गावचे बैल आणून वर ओढून घे."

"आज पोळा हाय मालक."

पाटील अधिकच तडकले. "झूल कोणं घातली?"

"मी घातली. तोंड झाकू नोको म्हणून मास्तरानं सांगितलं होतं, तरी घातली. काच बी मीच पुसाले पाह्यजे होती." शेंदूर कुणी लावला हे त्यानं सांगितलं नाही. पाटलांनी ते सकाळी पाहिलंच होतं. "चूक माही हाय. तुमी म्हणसान ते मले कबूल हाय."

पाटील शालिग्रामकडे वळले. "तू सांग. तू शिकलेला हायस. थांबायची गरज होती का? वर गेली नसती मोटर?"

शालिग्रामनं एकदा घाटाकडे पाहिलं. घरी त्याची आई आणि लग्नाच्या दोन बहिणी होत्या, आणि 'गेली असती' एवढे दोन शब्द बोलायचे होते. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"नसती गेली मालक," तो म्हणाला. "अजून एखादं वळण, मंग इंजिन आवळून बसलं असतं, कायमचं. आन् मी झूल बी सकाळी पाह्यली होती, शेंदूर बी. बोललो नाही. मले हे नोकरी पाह्यजे होती."

इंद्रभान उठला, शालिग्रामजवळ गेला आणि त्याच्या हातात पाण्याचा डबा दिला. "चला मास्तर, नाल्यावरून पाणी आणू," एवढंच तो म्हणाला. रागाचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. मला विचाराल तर मी असतो तर चांगले चार शब्द सुनावले असते.

बुलढाण्याला पोचेतो एक वाजला. साहेब दौऱ्यावर निघून गेला होता. कारकुनानं महिन्यानंतरची तारीख द्यायची तेवढी दिली, पण तोंड असं केलं की येऊ नका म्हटलं असतं तरी बरं. परतताना इंद्रभान मोटर चालवत होता, पण ती आपली शेवटची फेरी आहे असं धरूनच. उताराला गिअर खाली घातला होता, तांबडं काचेच्या तळाशी शांत बसलं होतं. वडाजवळ आल्यावर पाटील म्हणाले, "थांबव."

ते उतरले आणि वडाखाली जाऊन उभे राहिले. इंद्रभान मागं जाऊन उभा राहिला.

"पवळ्या इथंच पडला होता."

"हाव मालक."

"मी होतो दमणीत. पंधरा वर्षांचा. फेस मले बी दिसला होता इंद्रभान. बापूपुढं तोंड नाही उघडलं." पाटील जमिनीकडे पाहत बोलत होते. "तू बी नाही उघडलं तवा."

"नाही मालक."

"आज उघडलं," पाटील म्हणाले, आणि मोटरीत जाऊन बसले.

इंद्रभानला रडू आवरेना. तो चाकामागचा दगड काढायला म्हणून वाकला, आणि उताराला मागं दगड लावलेलाच नव्हता, हे त्याला वाकल्यावर कळलं. शालिग्रामनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

घरी आल्यावर रुखमाबाई दारातच होत्या. "देला का साहेबानं कागद?"

"पुढच्या महिन्यात बोलावलं बाई."

"आन् मोटर कशी दिसत होती सजवल्यावर? लोकं पाहत होते का?"

"लय पाहत होते," इंद्रभान म्हणाला. "हात जोडत होते."

पोळ्याची अट पाटलांनी पुन्हा काढली नाही. महिनाभर त्यांनी शालिग्रामला ठेवून घेतलं, आणि मग मलकापूरच्या एका भाड्यानं माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटरवर त्याला चिकटवून दिलं. त्या महिन्यात मास्तर रोज पहाटे तेलाची काडी बघायला लागला, हेही सांगून ठेवतो.

दुसऱ्या तारखेला साहेब जागेवर होता. त्यानं मोटर पुढं-मागं घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा चालू करायला लावली. मग छडीनं टाकीवरची काच दाखवून काहीतरी विचारलं, आणि कारकुनानं मराठीत सांगितलं, हे कशाला असतं?

"हे हिचं नाक हाय साहेब," इंद्रभान म्हणाला. "जुंपणाऱ्यानं हिकडं पाहत राहावं." कारकुनानं त्याचं इंग्रजी काय केलं ते त्यालाच ठाऊक. साहेबानं कागद पुढं केला. इंद्रभाननं अंगठा उठवला.

संध्याकाळी मोटर दारात आली, तेव्हा रुखमाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तेलातल्या शेंदरात बोट बुडवलं आणि मोटरीपुढे गेल्या. काचेजवळ हात नेला आणि तिथंच थांबल्या. मधल्या महिन्यात पाटलांनी त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी वाकून आधी काचेत पाहिलं.

"तांबडं खाली हाय ना रे?" त्यांनी विचारलं.

"खाली हाय बाई."

"मंग हे राहू दे उघडं," त्या म्हणाल्या, आणि मागं फिरून बोटावरचा तो शेंदूर त्यांनी इंद्रभानच्या कपाळाला लावला.